चाळीला केबल नाही, टॉवरला लगेच?

प्रश्न: ताई, आम्ही दिघ्याला चाळीत राहतो. समोरच्या टॉवरमध्ये केबलवाल्याने फायबर आठवड्यात टाकली, आमच्याकडे म्हणतो "तिकडं परवडत नाही". असं करता येतं का त्याला?
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: दादा, "परवडत नाही" म्हणजे तुमची गल्ली बघूनच हिशोब केला ना त्याने! अमेरिकेत यासाठी १९८४ च्या केबल कायद्यात सरळ कलम आहे, तिथे केबलचा परवाना देणाऱ्या संस्थेने बघायचं की एखाद्या भागातल्या लोकांचं उत्पन्न कमी आहे म्हणून त्यांना सेवा नाकारली जात नाहीये. श्रीमंत वस्तीला आधी लाईन आणि गरीब वस्तीला ठेंगा, याला तिकडे रेडलायनिंग म्हणतात.

आपल्याकडे १९९५ चा केबल कायदा आहे, पण त्याचा जोर वेगळ्याच गोष्टींवर, म्हणजे ऑपरेटरचं रजिस्ट्रेशन हवं, ठरावीक दूरदर्शन चॅनल दाखवायचेच वगैरे. उत्पन्नावरून भेदभाव नको असं अमेरिकेसारखं थेट कलम त्यात नाही, आणि मला विचाराल तर ही मोठीच फट आहे.

तरी गप्प बसू नका. चाळीतल्या दहा-बारा घरांनी मिळून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी बोलण्याला काही अर्थ नसतो (माझा स्वतःचा अनुभव!). नकारही लेखी मागा. मग ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करून विचारा. तोवर दूरदर्शनची फ्री डिश लावा, छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही.