आमच्यात भांडण होत नाही, तरी दुरावा का वाढतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला नऊ वर्षं झाली, एक मुलगी आहे, सासूबाई सोबत राहतात. राग आला की तुम्ही बोलत नाही, डोळ्यांत पाणी आलं तर उठून स्वयंपाकघरात जाता. भांडण म्हणून घरात होत नाही आणि नातेवाईक तुम्हाला समजूतदार म्हणतात. पण नवऱ्याशी बोलायला आता मुलीची शाळा आणि किराणा एवढेच विषय उरलेत. तुम्ही विचारलंय, ‘भावनांवर ताबा ठेवायला मी शिकले, मग जवळीक वाढायला हवी होती ना?’

ताई, तुम्ही करताय ते राग लपवणं आहे. राग सांभाळणं हे निराळं काम आहे आणि या दोन्हींचा संसारावर होणारा परिणाम जवळजवळ उलटा असतो. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि आठवड्यातून एक दिवस समुपदेशन केंद्रात बसते. कडाक्याची भांडणं करणारी जोडपी तिथे येतातच, पण तुमच्यासारखी कधीच न भांडणारीही पुष्कळ येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स ग्रॉस यांनी भावना आवरण्याचे मार्ग आयुष्यभर अभ्यासले. त्यांची मांडणी समजायला सोपी आहे. भावना मनात आकार घेत असतानाच आपण घडलेल्या गोष्टीकडे दुसऱ्या बाजूने बघू शकतो. किंवा भावना पुरती उसळल्यावर ती चेहऱ्यावर, आवाजात दिसू नये म्हणून धडपडू शकतो. दुसऱ्या मार्गात आतला राग तसाच राहतो, फक्त समोरच्याला तो दिसत नाही. वर तो दाबून ठेवायला सतत जोर लावावा लागतो, आणि तो जोर शरीर भोगतं.

तो समोरच्याचं शरीरही भोगतं, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. एमिली बटलर, ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन-दोन बायकांना मन विषण्ण करणारी चित्रफीत दाखवली आणि मग तिच्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांमध्ये एकीला गुपचूप सूचना होती, ‘तुझ्या भावना दिसू देऊ नकोस.’ दुसरीला याचा पत्ता नव्हता. तरी त्या दुसरीचा रक्तदाब वाढला. दोघींचं सूत जुळलं नाही आणि पुढे मैत्री करावीशी वाटण्याचं प्रमाणही कमी राहिलं. अनोळखी बाईला काही मिनिटांत जे जाणवतं, ते नऊ वर्षं एका घरात राहणाऱ्या माणसाला जाणवणार नाही, हे मला तरी पटत नाही. तुमच्या नवऱ्याला कदाचित ते नीट ओळखता येत नसेल. ‘हिचं काहीतरी बिनसलंय, विचारलं तर ‘काही नाही’ म्हणेल,’ एवढं त्याला कळतं आणि तो मोबाइलमध्ये डोकं घालतो. त्या मोबाइलचा तुम्हाला राग येतो. तोही तुम्ही गिळता.

याच गटाने त्याच वर्षी प्रेमातल्या जोडप्यांवरही काम केलं. मतभेदाच्या विषयावर बोलताना ज्यांना भावना लपवायला सांगितलं होतं, त्यांना नंतर संभाषणात नेमकं कोण काय बोललं ते कमी आठवलं. माझ्यासमोर बसलेल्या जोडप्यांमध्ये मी हे नेहमी बघते. दोघंही शपथेवर सांगतात, ‘मी असं म्हणालोच नव्हतो’, ‘तू म्हणालास.’ त्यातलं कुणी खोटं बोलत नसतं. चेहरा सरळ ठेवण्यात सगळं लक्ष गेलेलं असतं, मग शब्द कुठून टिकणार?

आता पहिल्या मार्गाविषयी, म्हणजे गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघण्याविषयी. यात एक धोका आहे आणि तो आपल्याकडच्या बायकांनाच जास्त आहे. नवरा साडेनऊला घरी आला आणि ‘थकलोय’ म्हणून न बोलता जेवला, तर ‘याला माझी पर्वा नाही’ या विचाराच्या जागी ‘आज ऑफिसात काहीतरी झालं असावं’ हा विचार ठेवता येतो. तो बहुतेक वेळा खराही असतो. पण त्याच नवऱ्याने पाहुण्यांसमोर ‘तिला विचारू नका, तिला यातलं कळत नाही’ असं म्हटलं, तर त्याचा गोड अर्थ काढत बसायची काही गरज नाही. तिथे अपमान झालेलाच असतो आणि तो सांगायलाच हवा. नजर बदलायची ती आपल्या अंदाजांबद्दल. जे प्रत्यक्ष घडलं ते बदलून घ्यायचं नाही.

समुपदेशनाच्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेली माहिती जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांच्या अभ्यासातली आहे. अमेरिकेत त्यांनी जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून वादाच्या विषयावर बोलायला लावलं आणि त्या वेळी त्यांच्या हृदयाचे ठोके, घाम, चेहऱ्यावरचे हावभाव टिपले. काही माणसं बाहेरून दगडासारखी शांत दिसायची आणि आत त्यांची नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेलेली असायची. त्या अवस्थेत माणसाला ऐकू येतं, पण समजून घेता येत नाही. विनोद सुचत नाही, माफी सुचत नाही. गॉटमन सांगतात की शरीर निवायला किमान वीस मिनिटं लागतात. एका प्रयोगात यंत्र दुरुस्त करायचं निमित्त सांगून त्यांनी वाद मध्येच थांबवला आणि जोडप्यांना अर्धा तास मासिकं चाळायला दिली. नंतर तीच माणसं त्याच विषयावर बऱ्यापैकी शहाण्यासारखी बोलली.

यावरून ‘भांडण पेटलं की उठून जा’ एवढाच सल्ला दिला जातो. तो अर्धवट आहे. उठून जाणाऱ्याने परत यायचं असतं आणि कधी येणार ते जाताना सांगायचं असतं. माझा नवरा कारखान्यात पाळीने काम करायचा. रात्रपाळीहून आल्यावर मी काही काढलं की तो म्हणायचा, ‘आत्ता नको, दुपारी चहाला बोलू.’ आणि चहाच्या वेळी तो स्वतःहून विषय काढायचा. त्याच्या त्या शब्द पाळण्यामुळेच मला सकाळी थांबणं जमायचं. नुसतं ‘आत्ता नको’ असतं आणि चहाची वेळ आलीच नसती, तर मी तो नकारच समजले असते. तुम्ही स्वयंपाकघरात जाता तेव्हा परत येऊन विषय काढता का, हे एकदा आठवून बघा. तुमच्या प्रश्नावरून तरी तसं दिसत नाही. तो विषय तिथेच, ओट्यापाशी, मिटून जातो.

एका अभ्यासाबद्दल मला थोडं जास्त सांगायचंय, कारण त्याचा गैरवापर होतो. बर्कलीच्या लेव्हनसन यांच्या गटाने मध्यमवयीन आणि वयस्क अशा ८२ जोडप्यांचा १३ वर्षं मागोवा घेतला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. वादात बायको लवकर शांत होत असेल तर दोघंही संसारात जास्त समाधानी दिसले. नवऱ्याच्या शांत होण्याचा तेवढा संबंध दिसला नाही. हे वाचून कुणीही म्हणेल, ‘बघा, आम्ही सांगत नव्हतो? बाईनेच नमतं घ्यावं.’ पण त्या अभ्यासातल्या बायका शांत झाल्यावर काय करत होत्या ते पाहायला हवं. त्या प्रश्नावर नीट, मुद्द्याचं बोलत होत्या, आणि काळाच्या ओघात समाधान वाढलं ते या बोलण्याशी जोडलेलं होतं. शांत होऊन गप्प बसणं त्यात कुठेच नव्हतं. शिवाय ती एका देशातली, एका पिढीतली जोडपी. घरात शांतता राखायचं काम परंपरेने बाईकडे आलं, म्हणून तिच्या शांततेचा परिणाम मोठा दिसला असणार, असं माझं मत आहे. ते काम कायम तिनेच करावं, असा आदेश त्यातून निघत नाही. आपल्याकडे मुलाला लहानपणापासून ‘रडतोस काय मुलीसारखा’ म्हणतात आणि मुलीला ‘सासरी असं चालणार नाही’ म्हणतात. लग्नानंतर दोघंही लपवण्यात पटाईत झालेले असतात आणि सांगणं कुणालाच शिकवलेलं नसतं.

मग करायचं काय? मी सुरुवात फार लहान गोष्टीपासून करायला सांगते. नऊ वर्षांचा हिशेब एका रात्रीत काढू नका. कालची, परवाची एखादी बारीक बाब घ्या. ती सांगण्याआधी स्वतःला विचारा की नक्की काय वाटलं. आपण सगळ्याला राग म्हणतो, पण खाली बघितलं तर कधी एकटेपणा असतो, कधी लाज, कधी दमणूक. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची हालचाल कमी होते. नुसतं नाव दिल्यानेही माणूस थोडा सावरतो.

मग ते नवऱ्याला सांगा, त्याच्या स्वभावावर न जाता. ‘तुला माझी किंमतच नाही’ यावर तो फक्त स्वतःचा बचाव करू शकतो. ‘काल काकांसमोर तू म्हणालास मला कळत नाही, तेव्हा मला लाज वाटली. पुढच्या वेळी निदान मला विचारून बघ,’ यावर त्याला काहीतरी करता येतं. आवाज कापला तर कापू दे, डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. तेवढ्यासाठी उठून जाऊ नका. जवळीक ज्याला आपण म्हणतो ती बरीचशी तिथेच असते, आपलं पाणी दुसऱ्याला दिसण्यात.

लिहायची सवय असेल तर आणखी एक उपाय आहे. इलाय फिंकेल आणि सहकाऱ्यांनी शिकागो भागातल्या १२० जोडप्यांवर दोन वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी सगळ्यांचंच समाधान हळूहळू उतरत गेलं. दुसऱ्या वर्षी निम्म्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटं एवढंच लिहायला सांगितलं: दोघांचंही भलं चिंतणारा एखादा तिऱ्हाईत आपल्या भांडणाकडे कसा बघेल? लिहिणाऱ्यांचं समाधान उतरायचं थांबलं. त्यांची भांडणं कमी झाली नव्हती, पण त्यांचा त्रास कमी झाला होता. तुम्हाला हा तिऱ्हाईत म्हणून कोण आठवेल? एखादी आत्या, जुन्या बाई, कुणीही चालेल. फक्त तुमचीच बाजू घेणारी मैत्रीण नको.

जागेचं तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे. वन बीएचके, सासूबाई हॉलमध्ये, मुलगी आतल्या खोलीत, मग बोलायचं कुठे? माझ्याकडे येणारी बरीच जोडपी जेवणानंतर सोसायटीच्या आवारात किंवा दूध आणायच्या निमित्ताने पंधरा-वीस मिनिटं चालायला जातात. चालताना बोलणं सोपं पडतं, कारण एकमेकांकडे रोखून बघावं लागत नाही. सासूबाईंना सांगून जा, लपूनछपून नको, नाहीतर त्याचाच एक नवा विषय होतो. आणि व्हॉट्सॲपवर हे बोलू नका. तिथे आवाज नसतो, निळ्या खुणा मात्र असतात.

एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही गप्प राहता ते सवयीने की भीतीने? बोललं तर तो हात उगारेल, पैसे बंद करेल, मुलीला दूर करेल, अशी धास्ती असेल तर वर लिहिलेलं काहीही तुमच्यासाठी नाही. तिथे भावना सांभाळायचा प्रश्नच नसतो, तुमच्या सुरक्षिततेचा असतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही हिंसा मानतो. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठी विशेष कक्षही चालतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर त्यांची सुरुवात केली. तिथे प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या भेटतात, तक्रार नोंदवायची नसेल तरी बोलता येतं.

तसं काही नसेल आणि तुम्ही बोलायला लागलात, तर नवरा आधी गोंधळेल. नऊ वर्षं त्याने सगळं ठीक आहे असंच धरलेलं आहे. ‘हे आता का काढतेस?’ असंही म्हणेल. त्याला थोडा वेळ द्या आणि एकदा फसलं म्हणून पुन्हा गप्प होऊ नका. त्यालाही विचारा, त्याच्या मनात काय काय साचलंय. ते ऐकताना तुम्हाला उलट उत्तर द्यावंसं वाटेल, तेव्हा चालत राहा आणि तो थांबेपर्यंत ऐका. दोन-तीन महिने असं करूनही गाडी हलली नाही तर विवाह समुपदेशकाकडे जा. दोघं जायला हवं, पण तो आला नाही तर तुम्ही एकट्या जा, त्यानेही फरक पडतो. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.