गृहपाठ व्हॉट्सॲपवर, मुलगा माइनक्राफ्टमध्ये

प्रश्न : बाई, माझा मुलगा सहावीत आहे. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो, त्यामुळे संध्याकाळी फोन द्यावाच लागतो. गृहपाठ बघून झाला की माइनक्राफ्ट, त्यातून उठवलं की यूट्यूबचे शॉर्ट्स. वर ‘गेममधून मी शिकतोच आहे’ म्हणतो. त्याचे बाबा म्हणतात, सगळं काढून टाक. काय करू?
— एक आई, धायरी

उत्तर : एवढ्यात काही काढू नका. एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून बघा.

मी 31 वर्षं गणित शिकवलं आणि माझंही मत तुमच्या यजमानांसारखंच होतं. मग मे महिन्यात नातू राहायला आला. माइनक्राफ्टमध्ये तो शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बांधत होता. त्या गेममधला एक ठोकळा म्हणजे एक मीटर. कमानीतून अंबारीसकट हत्ती जाईल का, यावर आमचा चांगला अर्धा तास वाद झाला. दिवाळीत अंगणात किल्ला करतात, तसाच प्रकार. फक्त अळीव पेरायचा राहिला आणि माझी फरशी चिखलाने भरली नाही.

दरवाजावर त्याला दिवा हवा होता आणि कळ 40 ठोकळे लांब. तिथे रेडस्टोन नावाची तांबडी पूड वायरसारखी अंथरतात. तिच्यातला जोर 15 ठोकळ्यांपर्यंत टिकतो, मग रिपीटर ठेवून तो पुन्हा भरून घ्यायचा. मी म्हटलं, सोपं आहे, 40 भागिले 15. तर म्हणतो, “आजी, 16 ने भाग. रिपीटरपण एक ठोकळा खातो ना!” दोनदा भाग गेला, बाकी 8. दोन रिपीटर ठेवले आणि दिवा लागला. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी तेच गणित वहीत घातलं : 15 झाडं, मग एक बाक, परत 15 झाडं, अशा 40 जागा, तर बाक किती? गडी अडला! म्हणजे तुमचा मुलगा खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो. गेममध्ये चुकलं की दिवा लागत नाही, कोणी रागवत नाही, परत मांडायचं. एवढी मोकळीक आम्ही वर्गात कधी दिली नाही, हे कबूल. पण तिथलं वहीत उतरवायला शेजारी कुणीतरी लागतं. जे बांधलंस त्याचा नकाशा चौकटीच्या वहीत काढून दाखव, असं त्याला सांगा. मोजमापं त्यालाच लिहू दे.

शॉर्ट्सची बाजू मात्र मी घेणार नाही. एक संपायच्या आत दुसरं हजर, हाताला काम शून्य. त्याऐवजी अरविंद गुप्ता यांचे खेळण्यांचे व्हिडिओ लावा. आपल्याच पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. सायकलच्या दुकानातून थोडी व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे बारीक रबरी नळी, आणा, घरात काडेपेटी असतेच. व्हिडिओ दोन मिनिटांचा, पण नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडून चौकोन का डुगडुगतो आणि त्रिकोण का नाही, हे शोधण्यात दुपार जाते.

आता गृहपाठ. 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा ही सोय नाइलाजाने आली. मीही डब्यांना फोन टेकवून भूमिती शिकवली. शाळा उघडल्या, सोय तेवढी मुक्कामाला राहिली. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या नियमातच 13 वर्षांची अट आहे, तुमचा मुलगा अकराचा असेल. ग्रुप पालकांचा, तेव्हा निरोप तुम्ही वाचा आणि त्याला वहीत उतरवून घ्यायला सांगा. दोन मिनिटांचं काम. पालकसभेत उठून विचारा, गृहपाठ पूर्वीसारखा फळ्यावर का लिहीत नाही? तुम्ही विचारलंत की मागच्या बाकांवरून आणखी चार आया बोलतील, अनुभव आहे.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. सोसायटीतल्या सगळ्या मुली कोडिंगच्या क्लासला जातात. लावू का?
— एक बाबा, वाकड

उत्तर : नको. फारच हौस असेल तर स्क्रॅचज्युनिअर हे कोडिंगचं ॲप बघा. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठीच आहे आणि फुकट आहे. मांजराला चालवायचं, उडी मारायला लावायचं, तेही तिला गंमत वाटेल तोवरच. क्लासच्या पैशांत तिला सायकल घ्या.