प्रतिवादी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) न देता नुसत्या तारखा घेतोय. कोर्ट त्याला किती मुदत देऊ शकते?

समन्स बजावल्यापासून ३० दिवस, आणि कोर्टाने कारण नोंदवून मुदत वाढवली तर एकूण ९० दिवस. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम १ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. ९० दिवस उलटले असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहत बसू नका. ‘कैफियतीशिवाय दावा पुढे चालवावा’ असा अर्ज वकिलांना लगेच द्यायला सांगा. अर्जात समन्स बजावल्याची तारीख हवीच, कारण मुदत तिथून मोजतात, दावा दाखल झाल्यापासून नव्हे. पुष्कळ पक्षकार इथेच चुकतात.

मात्र साध्या दाव्यात ही ९० दिवसांची मर्यादा पोलादी नाही. सबळ कारण असेल तर त्यानंतरही कैफियत घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू या प्रकरणात म्हटले आहे. तसे झाले तर निदान उशिराबद्दल प्रतिवादीकडून खर्चाची रक्कम तरी आग्रहाने मागा. दावा कमर्शियल कोर्टातला असेल तर गोष्ट वेगळी: तिथे १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो.