तीन रिमोटच्या जागी एक: बटणांचा की टचस्क्रीनचा?

प्रश्न: आमच्याकडे टीव्ही, फ्री डिशचा बॉक्स आणि यंदा घेतलेला एसी, असे तीन रिमोट झाले आहेत. पुण्याचा मुलगा म्हणतो, "एकच टचस्क्रीनवाला युनिव्हर्सल रिमोट पाठवतो." गावातला दुकानदार म्हणतो, बटणांचाच घ्या. टीव्ही जास्त पाहतात ते माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही नजर कमीच. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर: ताई, रिमोटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी पाहायच्या असतात. त्याला तुमच्या वस्तूचे कोड, म्हणजे दर बटणाचे ठरलेले इशारे, येतात का, ही एक. आणि माणूस त्याला हुकूम कसा देतो, ही दुसरी. या दोन्हींची गल्लत झाली की तुलना फसते. आर्वीला माझ्या दुरुस्तीच्या दुकानात लोक रिमोट काउंटरवर ठेवून म्हणतात, "भाऊ, हे टचचं काही खरं नाही जी." तपासलं तर काच ठणठणीत असते, त्यांच्या बॉक्सचा कोडच त्यात नसतो. हीच तक्रार बटणांच्या स्वस्त रिमोटबद्दलही येते. त्यात बटणांचा काय दोष?

रिमोटच्या तोंडाशी असलेला एलईडी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो, बहुतेक वेळा सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास उघडझाप करत. हुकूम काचेवरून आला की बटणावरून, टीव्हीला त्याने फरक पडत नाही. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोट दाबला की बहुधा जांभळट चमक दिसते; दुकानातच तेवढं पाहून घ्या. टीव्हीवर थेट ऊन पडत असेल तर कोणताही रिमोट अडखळतो. एक दुपारी आणि दुसरा रात्री तपासला, तर निकाल खोटा लागतो.

फ्री डिशचे बॉक्स किती तरी कंपन्यांचे असतात. तयार कोडच्या यादीत तुमचा सापडेलच असं नाही. म्हणून 'लर्निंग' रिमोट मागा. जुना आणि नवा रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, नवा ते शिकतो. त्यामुळे जुने रिमोट मोडीत देऊ नका; सेल काढून डब्यात ठेवा.

एसी मात्र या एका रिमोटमध्ये कोंबू नका. टीव्हीचं आवाजाचं बटण फक्त 'एक पायरी वर' एवढंच सांगतं. एसीचा रिमोट बहुधा दर दाबाला सगळी स्थिती पाठवतो: कूलिंग, २४ अंश, पंख्याचा वेग, झडपांची दिशा. त्यामुळे नव्या रिमोटने शिकलेलं बटण तीच एक स्थिती पुन्हा पुन्हा पाठवत राहतं, एकेक अंश वाढवत नाही. शिवाय साधा एसी उलट उत्तर देत नाही. दोन रिमोट वापरले तर एकाच्या पडद्यावर २४ दिसतं आणि खोली २० वर गारठत असते. याला टचस्क्रीनकडेही उत्तर नाही.

टचस्क्रीनची बाजूही खरी आहे, ती मांडायलाच हवी. अक्षरं मोठी, अंधारात उजेड, आणि ज्या वस्तूचं काम आहे तेवढीच बटणं समोर. घरात सहा-सात यंत्रं असणाऱ्या तरुण माणसाला मी तोच सुचवीन. लॉजिटेकच्या हार्मनी रिमोटमध्ये कोणतं यंत्र चालू आहे याचा हिशेब ठेवायची सोय होती आणि ती फार चांगली होती. पण त्यांचं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं. जुना माल मिळाला तरी सेटिंग कंपनीच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून, म्हणून तो आता घेऊ नये. मुलाच्या मनात वायफायवर चालणारी डबी, म्हणजे मोबाइलवरून हुकूम घेऊन टीव्हीला रिमोटसारखा इशारा देणारी, असेल, तर त्याला आपल्याकडची लाईट आठवून द्या. लाईट आली की टीव्ही लागतो, पण राउटर सुरू होऊन डबी जोडली जाईपर्यंत आजोबांनी बसून राहायचं.

तुमच्या सासऱ्यांसाठी माझं मत बटणांच्या बाजूने आहे. अनेक रिमोटवर ५ च्या बटणावर उंच ठिपका असतो. अंगठा तो शोधतो आणि नजर टीव्हीवरच राहते. काचेवर दर वेळी खाली पाहावं लागतं, आणि कमी नजरेच्या माणसाला तेच जड जातं. शिवाय आयुष्यभर कापूस वेचलेली, भेगाळलेली कोरडी बोटं काच कधीकधी ओळखतच नाही. बटण दबलं की बोटाला कळतं. बटणाखाली धूळ बसली, तर पुष्कळदा उघडून साफ करता येतं.

तरी मुलाचं मन राखायचं असेल तर दोन्ही वापरून पाहा, पण पहिल्या दिवशी निकाल देऊ नका. बोटांना सवय बटणांची आहे, त्यामुळे नवा रिमोट सुरुवातीला हरणारच. प्रत्येकाला काही दिवस द्या: तीच खुर्ची, तीच संध्याकाळची वेळ. चॅनेल बदलणं, फोन आला की आवाज बंद करणं, टीव्ही लावणं, एवढी कामं त्यांना स्वतः करू द्या आणि ते तुम्हाला किती वेळा हाक मारतात ते पाहा.

बटणांचा घेतलात तर चालू-बंद, आवाज, म्यूट, चॅनेल आणि आकडे एवढंच शिकवा. टीव्ही आणि बॉक्स यांची चालू-बंदची बटणं वेगळी ठेवा, कारण बहुधा एकच कोड चालूही करतो आणि बंदही. उरलेली बटणं रिकामी राहू द्या. एसीचा रिमोट दोरी बांधून त्याच खोलीत खिळ्याला टांगा.