मेंदूचा कासरा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (अंबाजोगाई येथील एक निवृत्त शिक्षक): माझा पुतण्या परदेशात मेंदूविज्ञानात संशोधन करतो. दिवाळीला आला तेव्हा विषय विचारला, तर म्हणाला, "काका, मेंदूला थांबवणारे रिसेप्टर सिनॅप्सवर कसे टिकून राहतात, एवढेच मी पाहतो." या कामात त्याची सात वर्षे गेली आहेत. मेंदूचे काम विचार करण्याचे, मग थांबवण्यात एवढे शोधण्यासारखे काय असते?

उत्तर: गुरुजी, आपल्या पुतण्याने विनयाने वापरलेल्या 'एवढेच' या शब्दालाच माझी हरकत आहे. आधी त्याचे दोन शब्द उलगडू: सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींचा जोड, आणि रिसेप्टर म्हणजे एका पेशीने सोडलेले रसायन दुसऱ्या पेशीवर ज्यावर येऊन बसते ते प्रथिन. बैल पळवायला हाळी पुरते. वळणावर तो आवरायला कासऱ्यावर हात बसलेला लागतो. मेंदूच्या बाह्य थरातील सुमारे एक पंचमांश चेतापेशी केवळ या आवरण्याच्या कामासाठी नेमलेल्या असतात, आणि बाकीच्यांचे काम अर्थपूर्ण होते ते त्यांच्यामुळेच.

विळ्याने ज्वारीचे ताट कापणाऱ्या बाईचा हात डोळ्यांसमोर आणा. कोपर वाकते तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आकसतो आणि त्याच क्षणी मागच्या स्नायूला ढिले पडावे लागते. हे ढिले पडणे आपोआप घडत नाही. मागच्या स्नायूला चालवणाऱ्या चेतापेशीला मज्जारज्जूतच गप्प केले जाते. दोन चेतापेशींच्या जोडाला 'सिनॅप्स' हे नाव 1897 मध्ये ज्यांच्यामुळे रूढ झाले, त्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही गोष्ट प्रयोगांनी दाखवली, आणि चेतापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी 1932 चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

हा कासरा तुटला तर काय होते, हे आपल्या भाषेने एका शब्दात टिपून ठेवले आहे: धनुर्वात. जखमेतील जंतूंचे विष चेतातंतूंच्या वाटेने वर चढत मज्जारज्जूत पोहोचते, तेथील आवरणाऱ्या पेशींत शिरते आणि गाबा व ग्लायसिन ही समोरच्या पेशीला आवरणारी दोन रसायने बाहेर सोडण्यासाठी लागणारे एक प्रथिन कापून टाकते. पुढचे-मागचे सगळे स्नायू एकदमच आकसतात, त्यांत पाठीचे स्नायू अधिक बलवान असल्यामुळे अंग धनुष्यासारखे ताणले जाते. कुचल्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन हे विष दुसऱ्या टोकाला घाव घालते. त्यात ग्लायसिन सुटते, पण ते ज्या रिसेप्टरवर बसायचे ती जागाच विषाने अडवलेली असते. म्हणून दोन्हींत रुग्णाचे अंग सारखेच ताठते, आणि दोन्हींत नुसत्या आवाजाने किंवा स्पर्शानेही झटका येतो.

आता पुतण्याच्या विषयाकडे वळू. गाबा मेंदूत सापडले 1950 मध्ये, पण ते आवरण्याचे काम करते हे पटायला आणखी बरीच वर्षे गेली. त्याचा मुख्य रिसेप्टर पाच प्रथिनांनी मिळून बनलेला असतो आणि मधोमध एक अरुंद वाट असते. गाबा येऊन बसले की ती वाट काही क्षण उघडते, क्लोराइडचे ऋणभारित कण पेशीत शिरतात आणि पेशी उत्तेजित होणे अवघड बनते. माणसात या पाच जागांसाठी 19 प्रकारच्या प्रथिनांची जनुके आहेत. त्यांच्या निरनिराळ्या जुळण्यांमुळे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या धाटणीचे रिसेप्टर तयार होतात. डायझेपाम या औषधाने झोपही येते आणि धास्तीही कमी होते, ती एकाच रिसेप्टरमुळे नव्हे. हे दोन परिणाम प्रामुख्याने दोन निराळ्या जुळण्यांतून होतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे.

मात्र रिसेप्टर कसा आहे याइतकेच तो कोठे आहे यालाही महत्त्व असते. समोरच्या पेशीतून गाबा जेथे सांडते, नेमका तेथे तो हजर नसेल तर त्याचा उपयोग थोडाच. रिसेप्टर खिळ्यासारखे ठोकलेले असतात, अशी एके काळी समजूत होती. 2003 मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी ग्लायसिनच्या एकेका रिसेप्टरला चमकणारा सूक्ष्म कण चिकटवला आणि जिवंत पेशीवर त्याचा माग काढला, तेव्हा हे रिसेप्टर पेशीच्या पापुद्र्यात सतत हिंडताना दिसले. आठवडी बाजारात हिंडणारा माणूस ओळखीचा भेटला की जसा थबकतो, तसे ते सिनॅप्सपाशी आले की थबकत होते आणि काही वेळाने पुन्हा निघून जात होते. थबकायला लावणारी ओळखीची वस्तू म्हणजे प्रामुख्याने 'जेफायरिन' हे प्रथिन. जर्मनीतील हाइन्रिख बेट्झ यांच्या गटाला ते ग्लायसिनच्या रिसेप्टरसोबत सापडले आणि ग्रीक भाषेतील 'पूल' या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नामकरण झाले. या प्रथिनाची सिनॅप्सखालची जाळी दाट झाली की अधिक रिसेप्टर अडकून राहतात आणि आवर घट्ट होतो. जाळी विरळ झाली की तो सैल पडतो. मेंदू आपला कासरा दिवसभर असा आवळत-सोडत असतो. हे 'एवढेच' पाहायला सात वर्षे फार नाहीत.

प्रश्न (बीड जिल्ह्यातील एक आई): आठ वर्षांच्या मुलाला फिट येते. डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा दिला आहे आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तो मारायला सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, कांदा हुंगवून थोडी वाट पाहावी, औषध काय नंतरही देता येते. नंतर दिले तर काय बिघडेल?

उत्तर: बिघडेल, आणि त्याचे कारण वरच्या उत्तरातच दडलेले आहे. मिडाझोलाम स्वतः फिट थांबवत नाही. गाबाच्या रिसेप्टरची वाट अधिक वेळा उघडावी यासाठी ते गाबाला मदत करते. फिट लांबत गेली की पेशी हेच रिसेप्टर पृष्ठभागावरून आत ओढून घेऊ लागते. म्हणजे मदत करायला औषध येते, पण ज्याला मदत करायची तोच जागेवर नसतो. पाचव्या मिनिटाला जे एका फवाऱ्यात साधते, ते अर्ध्या-पाऊण तासाने दवाखान्यात दोन-तीन औषधांनीही कठीण होऊन बसते. गावाहून जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता लक्षात घेतला तर डॉक्टरांनी फवारा घरी का दिला, हे उमगेल.

कांद्याने किंवा चपलेच्या वासाने फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबतात आणि श्रेय कांद्याला जाते. सासूबाईंना हे सांगताना त्यांचा मान राखावा. त्यांनी पाहिलेले खोटे नव्हते, त्याचा अर्थ तेवढा निराळा होता. फिट सुरू होताच घड्याळ पाहावे, मुलाला कुशीवर वळवावे आणि तोंडात चमचा, पाणी, बोट असे काहीही घालू नये. फवारा मारूनही फिट थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना गाठावा. रोजच्या गोळ्या बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नयेत.

प्रश्न (परभणी येथील कापूस उत्पादक): कृषी सेवा केंद्रातील मुलगा म्हणाला की फिप्रोनिल हे कीटकनाशक किडीच्या मेंदूवर मारा करते. मग फवारणाऱ्याच्या मेंदूचे काय?

उत्तर: मुलगा बरोबर बोलला. फिप्रोनिल किडीच्या शरीरातील गाबा रिसेप्टरची वाट बुजवते, त्यामुळे तिच्या चेतापेशी आवराबाहेर जातात आणि ती तडफडून मरते. रिसेप्टर आपल्याकडेही आहेत, परंतु त्यांची घडण वेगळी असल्यामुळे हे औषध त्यांना किडीच्या रिसेप्टरइतके घट्ट धरत नाही. हा फरक प्रमाणाचा आहे, अभयदान नव्हे. फिप्रोनिल पोटात गेल्याने माणसाला झटके आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. कपाशीवर एके काळी सर्रास मारले जाणारे एंडोसल्फानही याच रिसेप्टरवर घाव घालत असे. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये बंदी आणली. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, हातमोज्यांशिवाय द्रावण ढवळू नये, आणि नोझल तुंबले तर ते तोंडाने फुंकू नये. हे शेवटचे मी स्वतः बांधावर पाहिले आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

प्रश्न (लातूर, नीटची विद्यार्थिनी): गाबा नेहमी आवरण्याचेच काम करते, असे लिहिले तर उत्तर पूर्ण बरोबर ठरेल का?

उत्तर: परीक्षेत गुण मिळतील, पण विधान पूर्ण खरे नाही. रिसेप्टर फक्त दार उघडतो. बंधाऱ्याच्या दारासारखे, पाणी कोणीकडे वाहणार हे दोन्ही बाजूंच्या पातळीवर ठरते. अपक्व चेतापेशीत क्लोराइड आधीच भरपूर साठलेले असते, म्हणून दार उघडले की ते बाहेर पडते आणि पेशी उलट उत्तेजित होते. उंदरांच्या नवजात पिलांत येहेझकेल बेन-आरी यांच्या गटाने हे 1989 मध्ये दाखवले. पुढे केसीसी2 नावाचे प्रथिन क्लोराइड बाहेर उपसू लागते, पेशीतील पातळी खाली जाते आणि तेच गाबा आवरू लागते. नवजात बाळांच्या झटक्यांवर गाबाला मदत करणारी औषधे काही वेळा कमी पडतात, त्यामागील एक कारण हेच मानले जाते.