‘६० टक्के’ म्हणजे निरोधाला सुट्टी नव्हे

कर्नाटकातल्या खानापूरचे भाऊ, ‘सुंता केली की एचआयव्हीपासून ६० टक्के सुरक्षित, लग्नाआधी उरकून घ्या’ असं दवाखान्यात सांगितल्याचं तुम्ही लिहिलंय. याच आकड्यानं मीही बरेच दिवस फसलो होतो, म्हणून लिहितो. सुंता कशी करतात ते सोडून देतो.

आकडा खोटा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्मच्या चाचणीत (२००५) तीन हजारांवर तरुणांचे दोन गट केले. सुमारे दीड वर्षात सुंता न केलेल्यांत ४९ जणांना लागण झाली, केलेल्यांत २० जणांना. ते २० विसरू नका. केनियातल्या किसुमू आणि युगांडातल्या राकाई इथल्या चाचण्यांत (२००७) लागण साधारण निम्म्यावर आली. पुढच्या कातडीची आतली बाजू नाजूक, सहज चिरते आणि विषाणू ज्या पेशींना धरतो त्या तिथं दाट असतात. कातडी काढली की वाट अरुंद होते, बंद होत नाही.

ती वाटही फक्त बाईकडून पुरुषाकडे येणारी. राकाईत एचआयव्ही असलेल्या पुरुषांची सुंता करून पाहिली, त्यांच्या बायकांची लागण कमी झाली नाही. पुण्यातल्या २,२९८ पुरुषांच्या अभ्यासात (२००४) सुंता केलेल्यांत एचआयव्ही कमी दिसला, पण गरमी-परमा (सिफिलिस-गनोरिया) कमी नव्हता. म्हणून निरोध हवाच.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच. एका सरकारी खिडकीवर ‘टाके विरघळले की झालं’ एवढंच सांगितलं, सहा आठवडे संबंध टाळण्याचा शब्दही काढला नाही. याचा राग आजही येतो. वरून खपली पडली तरी आतली जखम ओलीच असते आणि ओली जखम म्हणजे विषाणूला उघडं दार. सहा आठवडे संबंध नाहीत, हस्तमैथुनही नाही. नंतर डॉक्टरांना दाखवूनच.

शस्त्रक्रियेआधी एचआयव्ही तपासणी करून घ्या. सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) ती मोफत होते. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी समुपदेशकाकडून मराठीत समजून घ्या, लाजू नका. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा.

मी डॉक्टर नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: कातडी मागे जात नसेल, वारंवार सूज येत असेल तर जरूर करा. नुसत्या एचआयव्हीच्या भीतीनं करू नका. जागतिक आरोग्य संघटनेची २००७ची शिफारस एचआयव्ही सर्वसामान्यांत फार पसरलेल्या देशांसाठी होती.

आणि असुरक्षित संबंध घडून गेला असेल, तर सुंतेची चौकशी करत बसू नका. ७२ तासांच्या आत एआरटी केंद्र (एचआयव्हीवरची औषधं देणारं केंद्र) गाठा. लागण टाळण्यासाठी तिथल्या गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात, जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. कुठं जायचं कळत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा.