तिसऱ्यांदा नीट नको

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या मुलीने दोनदा नीट दिली, सरकारी एमबीबीएसपर्यंत गुण पोचले नाहीत. आता तिला मायक्रोबायोलॉजी करून मेटाजीनोमिक्सकडे, म्हणजे पाण्या-मातीतल्या जंतूंचा डीएनए वाचण्याच्या शास्त्राकडे, वळायचंय. तुम्ही विचारता, ‘गटाराचं पाणी तपासायला मुलीला शिकवायचं का?’ आणि तिसऱ्या वर्षासाठी क्लास सुचवा म्हणता.

गुणांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती तुमच्या या वाक्याने: ‘मोबाइल कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे; मैत्रिणींचं येणंजाणं बंद केलंय.’ अहो, वीस वर्षांची मुलगी आहे ती! दोन वर्षं खोलीत बसून ती नीट जेवते का, तिला झोप लागते का, याबद्दल तीन पानांत एक ओळ नाही. क्लास मी सुचवणार नाही. तिसरं वर्ष तिच्यावर लादू नका.

आता गटाराचं. पुण्याचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या मुठा नदीच्या गाळावरचा एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या गाळाच्या तुलनेत शहरातल्या गाळात, ज्यांच्यामुळे जंतू प्रतिजैविकांना दाद देत नाहीत अशी जनुकं कितीतरी जास्त निघाली. बाकी औषधं हरल्यावर डॉक्टर ज्या कार्बापेनेमकडे वळतात, त्यालाही न जुमानण्याची ताकद जंतूंना देणारी जनुकं त्यांत होती. गाळातले बहुतेक जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. म्हणून नमुन्यातला सगळा डीएनए एकदम काढून वाचायचा, हे मेटाजीनोमिक्स. आयसीयूतल्या पेशंटला औषध लागू पडत नाही, तेव्हा तो प्रतिकार कुठून कुठे पसरतोय याचा माग असाही काढतात. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणूही 2001 पासून शोधला जातोय. हे काम डॉक्टरकीपेक्षा हलकं नाही.

तिलाही एक सांगा. यात नमुना गोळा करण्यापेक्षा कॉम्प्युटरसमोर बसणं जास्त. संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग टाळता येणार नाही. नुसत्या बीएस्सीवर भागत नाही, एमएस्सी हवीच, संशोधन करायचं तर पीएचडीही. कमाई उशिरा सुरू होते, याची तयारी तुम्हा दोघांची हवी.

मार्ग सरळ आहे: यंदा बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, पुढे एमएस्सीसाठी सीयूईटी-पीजी किंवा गॅट-बी ही प्रवेशपरीक्षा.

तुमच्या पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ आहे: ‘मॅडम, नदीच्या पाण्याचं हे कुठे शिकवतात?’ ती तुम्ही वाचलेली दिसत नाही. मोबाइल आजच तिच्या हातात द्या, आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. उत्तर मी तिलाच देईन.